पांढऱ्या काठाचा साक्षीदार

म्सांगू गावातल्या पुरुषांना दोन गोष्टींचं भय वाटायचं. एक सरोवरातल्या मगरीचं आणि दुसरं एनेलेसीच्या नजरेचं. त्यातली मगर निदान पोट भरल्यावर ऊन खात पडून राहते, एवढं तरी तिच्या बाजूनं बोलता येत होतं.

एनेलेसीचं काम बसून करायचं होतं. गावाची वाळू संपून न्दोम्बोचे खडक सुरू होतात, तिथं शहरातल्या एका मालकानं सिमेंटचे हौद बांधून वर पत्रा टाकला होता. पाणबुडे तोंडात हवेची नळी धरून खाली उतरायचे आणि जिवंत म्बुना धरून आणायचे. म्बुना म्हणजे खडकांतले बोटभर रंगीत मासे. ते पाण्याच्या पिशव्यांत बसून विमानानं परदेशी जात आणि तिथली माणसं त्यांना काचेच्या पेटीत सोडून नुसती बघत बसत. गावाला बरीच वर्षं ही थापच वाटत होती. एनेलेसीचे काझेम्बे मामा हौदावर येऊन दर वेळी विचारायचे, "बघून झालं की मग तळतात ना?"

बघणाऱ्यांच्या अटी मात्र फार. निळा मासा हवा म्हणजे कुठलाही निळा चालत नसे. म्बुनाची जात अशी, की खडक सोडून वाळू ओलांडणार नाही. एका खडकावर जन्मला की तिथंच म्हातारा होणार. त्यामुळे दर खडकाचा निळा वेगळा. न्दोम्बोच्या निळ्याच्या पाठीवरच्या पराला नारिंगी काठ आणि अंगावरचे काळे पट्टे रुंद. होडीनं तासाभराच्या वाटेवर चिलांबाचे खडक आहेत, तिथल्या निळ्याला काठ पांढरा आणि पट्टे बारीक. कापड तेच, काठ निराळा. हे बाईमाणसाला जितक्या लवकर कळतं तितकं पुरुषाला कळत नाही, म्हणून मालकानं निवडायला एनेलेसीला बसवलं होतं.

तेही वाटतं तितकं सोपं नाही. पाण्यातून नुकता काढलेला मासा भीतीनं राखेसारखा पडतो. काठ जातो, पट्टे जातात, सगळे भाऊभाऊ दिसतात. तिच्या आधीची बाई तेव्हाच निवडायला बसायची आणि चुकायची. एनेलेसी पिंपावर ओलं पोतं टाकायची, सावलीत बसून चहा प्यायची आणि मग पोत्याचा कोपरा हळूच उचलून आत बघायची. ती म्हणायची, घाबरलेल्या माशाला आणि घाबरलेल्या नवऱ्याला जरा वेळ द्यावा, मग खरा रंग आपोआप वर येतो.

इतकं करूनही शंका उरली, तर तिची एक युक्ती होती. कोपऱ्यातल्या दोन हौदांत तिनं दोन म्हातारे नर पाळले होते, एक न्दोम्बोचा, एक चिलांबाचा. प्रत्येकाला घर म्हणून एकेक फुटकं मडकं. शंकेचा मासा त्यांच्यापुढे सोडायचा. परका असला तर म्हातारा ढुंकूनही बघत नसे, दगडावरचं शेवाळ खरवडत राही. पण आपल्याच काठाचा निघाला, तर मडक्यातून असा सुटायचा की पाहुण्याला कोपऱ्यात दडावं लागे. परक्याशी त्याचं भांडण नाहीच. आपल्यासारखाच कोणी दिसला की त्याचं माथं फिरतं.

गावातल्या बायका म्हणत, एनेलेसीचंही तेच आहे. तिची चुलतबहीण एस्नार्ट तर तिच्या तोंडावर म्हणायची. कारण एनेलेसीला म्हाताऱ्या, लंगड्या किंवा आळशी बायकांचा कधी त्रास झाला नाही. बाई कामसू असेल, नाकीडोळी नीटस असेल, तीस-पस्तिशीची असेल, म्हणजे थोडक्यात एनेलेसीसारखी असेल, तर मात्र तिच्या नवऱ्यानं त्या बाईच्या वाटेनं जाऊ नये.

नवरा लायटन. डोंगरापलीकडून आलेला घरजावई. आमच्याकडे सगळे जावई घरजावईच असतात, त्यात कमीपणा नाही. नवऱ्यानं बायकोच्या आईच्या अंगणात यायचं, तिथं घर बांधायचं, पोरं वाढवायची. मोडलंच कधी तर आपली चटई गुंडाळून खांद्यावर टाकायची आणि आल्या वाटेनं जायचं. घर, पोरं, कोंबड्या, सगळं बायकोचं. लायटननं घर चांगलं बांधलं होतं. पाणबुड्या म्हणूनही तो पहिल्या प्रतीचा. त्याच्यात खोट एकच होती, तो सगळ्यांशी नीट बोलायचा. वाटेत बाई भेटली की तिचं, तिच्या आईचं आणि परसातल्या भोपळ्याच्या वेलाचं कुशल विचारल्याशिवाय पुढे जायचा नाही. समोरच्या दातांत फट होती, त्यामुळे तो नुसता उभा राहिला तरी हसल्यासारखा दिसे.

या फटीनं एनेलेसीचं आयुष्य पोखरलं होतं. देवळातल्या गाण्याच्या मंडळीत लायटन पुरुषांच्या ओळीत शेवटी उभा राहायचा, म्हणजे बायकांच्या ओळीला लागून. तिनं पाळकांना भेटून त्याचा आवाज मधल्या जागेला शोभतो असं पटवून दिलं. त्याचा हिरवा सदरा त्याला फार खुलायचा. तो सदरा धुता धुता फाटला, आणि फाटला तो नेमका पाठीवर उभा, दोन फडक्यांसारखा. एस्नार्टनं विचारलं, दगडावर आपटलास की दातानं? एनेलेसी म्हणाली, कापडच कच्चं होतं.

अशात चिलांबाला मेलिफा आली.

दक्षिणेकडून आली, विधवा होती, आणि गोरखचिंचेच्या झाडाखाली तिनं चहाची टपरी टाकली. चहाबरोबर मंडासी. मंडासी म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, ते कोणीही करतं. पण मेलिफा पिठात पिकलं केळं कुस्करून घालायची. थोड्याच दिवसांत इकडच्या सगळ्या होड्यांना चिलांबाकडे वारा अनुकूल वाटू लागला.

एनेलेसीनं हे ऐकलं आणि कानाआड केलं. मग एका सकाळी लायटन तिनं केलेली मंडासी खाता खाता सहज बोलून गेला, "यात केळं घालून बघितलंस का गं कधी?"

चुलीतलं लाकूडसुद्धा तडतडायचं थांबलं म्हणतात. एनेलेसीनं त्याच्या पुढ्यातली थाळी उचलली, उरलेली मंडासी कोंबड्यांना घातली आणि शांतपणे सांगितलं, की आजपासून चिलांबाला होडी लावायची नाही. तिथल्या माशांना सध्या मागणी नाही, न्दोम्बोचे हवेत, आणि न्दोम्बो हौदाला लागून आहे. केळ्याचं कुठं कळलं, असं तिनं विचारलं तेव्हा लायटन दाराकडे बघत राहिला. "लोक बोलतात," एवढंच म्हणाला. त्या दाराकडे बघण्याचा अर्थ लावण्यात तिचे पुढचे कितीतरी दिवस गेले.

लायटननं तिचं ऐकलं. रोज न्दोम्बोवरच उतरायला लागला. पुढच्या बाजूचे मासे विरळ झाले तसा मागच्या बाजूला, खोल पाण्यात जाऊ लागला. खोलातला मासा एकदम वर आणला तर फुगून मरतो, म्हणून पिंप मध्येच दोरीला टांगून ठेवत, थांबत थांबत वर काढावं लागतं. साहजिकच त्याला घरी यायला उशीर होऊ लागला. खोलातल्या माशाचं पोट कसं तटतटलेलं असतं हे एनेलेसीइतकं कोणाला माहीत होतं? पण ती आता पोटं बघत नव्हती. ती उन्हं बघत होती, झाडांच्या सावल्या मोजत होती.

आणि एक दिवस पोत्याचा कोपरा उचलला तर नारिंगी काठांच्या गर्दीत एक काठ पांढरा.

तिनं पोतं परत टाकलं. चहा प्यायली. पुन्हा उचललं. पांढराच. पट्टे बारीक. चिलांबाच्या म्हाताऱ्यापुढे सोडला, तर म्हातारा मडक्यातून बाणासारखा आला. त्या दिवशी तिनं मक्याच्या पिठाचा नसिमा इतका घोटला की भांड्यातून निघेना.

लायटनला तिनं काही विचारलं नाही. विचारणाऱ्या बायका हरतात, असं तिचं मत. तिनं तो मासा वेगळ्या टोपलीत ठेवला. आठवड्यानं दुसरा सापडला, मग आणखी एक, मग एक कोवळा, अजून काठ नीट न धरलेला. टोपली हौदात बुडवून वर दगड ठेवला. त्यांना ती मालकाच्या माशांपेक्षा चांगलं खायला घालायची, रंग उडू नये म्हणून. हे तिचे साक्षीदार होते. मासा खोटं बोलत नाही. वाळू ओलांडत नाही. चिलांबाचा मासा लायटनच्या पिंपात आला तो चिलांबाला गेल्याशिवाय कसा येईल? आणि लायटन चिलांबाला जाऊन पाणी बघून परत येईल, टपरी न बघता?

घरात मात्र तिच्या वागण्यात काही खोट काढता येत नव्हती. उलट फार नीट वागत होती. लायटनच्या सुक्या उसिपा माशांत आता मीठ बरोबर असायचं, पाणी वेळेवर तापायचं, आणि ती त्याला "अहो जावईबापू" म्हणायला लागली होती. लायटन घाबरला. त्यानं वाडसनला, आपल्या जोडीच्या पाणबुड्याला विचारलं, हिला बरं नाही का? वाडसन म्हणाला, माझी बायको अशी वागली तर मी आधी चटई कुठं आहे ते बघेन.

एस्नार्टनं टोपली बघितली आणि तिनं काडी लावली. म्हणाली, ताई, हे असंच चालू राहिलं तर पुढच्या वर्षी टोपली लहान पडेल.

दुसऱ्या दिवशी चटई गुंडाळून दाराशी ठेवलेली होती.

लायटननं कपाळ धरलं. तो न्दोम्बोवरच होता, मागच्या बाजूला, आईची शपथ, वाडसनला विचार. वाडसन त्याचाच मित्र, त्याचं कोण धरणार? टोपलीतले मासे दाखवले तेव्हा तो वाकून बघत राहिला. ते त्यानं न्दोम्बोवरच धरले होते. पण एनेलेसीनं पांढरा म्हटल्यावर तो पांढराच, हे बारा गावांना ठाऊक होतं, आणि त्याला स्वतःलाही.

मग आमच्या रीतीप्रमाणे दोन्हीकडचे मामा बसले. लग्न लावताना दोघांच्या बाजूनं एकेक मामा जामीन राहतो, त्याला न्खोस्वे म्हणतात. भांडण आधी त्यांच्यापुढे येतं, तिथं मिटलं नाही तरच चटई उचलली जाते. रविवारी देवळातून परतल्यावर आंब्याखाली खुर्च्या मांडल्या. एनेलेसीच्या बाजूनं काझेम्बे मामा, पत्नी वारल्यापासून अंमळ जास्तच टापटीप राहणारे. लायटनच्या बाजूनं डोंगरापलीकडून ग्वाझा मामा, जे मासा फक्त ताटात ओळखायचे. बायका चटयांवर बसल्या. लायटन एका बाजूला, त्याची गुंडाळलेली चटई मांडीवर, लहान मूल घेऊन बसावं तशी.

एनेलेसीनं पांढरं पातेलं पुढे ठेवलं. त्यात एक न्दोम्बोचा मासा आणि एक टोपलीतला साक्षीदार. म्हणाली, "मामा, तुम्हीच बघा. एक घरचा, एक चिलांबाचा."

दोन्ही मामा वाकले. पातेल्यात दोन राखाडी मासे होते, अगदी सारखे. एवढी माणसं बघून दोघांचेही रंग उडाले होते.

ग्वाझा मामा म्हणाले, "पोरी, तुझे साक्षीदार फिरलेले दिसतात."

हशा पिकला. एनेलेसी हसली नाही. तिनं पातेल्यावर आपल्या चितेन्जेचा, कमरेला गुंडाळलेल्या कापडाचा, पदर टाकला आणि सगळ्यांना गप्प बसायला लावलं. आंब्याखाली एवढी शांतता मेलेल्या माणसालाही मिळत नाही. थोड्या वेळानं पदर उचलला, आणि एक काठ नारिंगी, एक काठ पांढरा. बायकांनी माना हलवल्या. काझेम्बे मामांनी खाकरून घेतलं. पण ग्वाझा मामा डोंगरातला माणूस, ते काठावर विश्वास ठेवीनात. माझ्या भाच्याचा संसार दोऱ्याएवढ्या काठावर कसा मोडू, म्हणाले. डाव्या गालावर तीळ आहे म्हणून मुलगा आपला नाही म्हणण्यातलाच प्रकार हा.

एनेलेसीला हेच हवं होतं. तिनं वाडसनकडून दोन मोठ्या टोपांत आपले दोन्ही म्हातारे आणवले, मडक्यांसकट. सांगितलं, हे दोघे पंच. आपला ओळखतात, परक्याला विचारत नाहीत. मग टोपलीत हात घालून जो हाती आला तो काढला. तो कोवळा होता, उशिरा सापडलेला.

आधी चिलांबाच्या म्हाताऱ्यापुढे सोडला. म्हातारा मडक्यातून सुटला आणि त्यानं पोराला टोपाच्या कडेला नेऊन दाबलं. बायकांतून हुंकार निघाला. एनेलेसीनं पोराला ओंजळीत घेतलं आणि ग्वाझा मामांकडे बघितलं, म्हणजे आता पुढचं बघा. मग त्याला न्दोम्बोच्या म्हाताऱ्यापुढे सोडलं. हा ढुंकूनही बघणार नव्हता.

न्दोम्बोचा म्हातारा मडक्यातून बाहेर आला आणि त्यानंही पोराला झोडपलं.

ग्वाझा मामांना गंमत वाटली. "हे काय गं? याची दोन्हीकडे भाऊबंदकी?"

एनेलेसी खाली बसली. तिनं पोराला पुन्हा ओंजळीत घेतलं आणि या वेळी नीट बघितलं, गेल्या कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं तसं. ओंजळीतल्या पाण्यात त्याचा रंग हळूहळू वर आला. पाठीवरच्या पराचा काठ पुढे नारिंगी होता आणि मागे पांढरा. पट्टे ना रुंद, ना बारीक.

असा मासा चिलांबाला जन्मू शकत नाही. तिथं नारिंगी काठाचे नाहीतच. असा मासा तिथंच जन्मेल जिथं दोन्ही आहेत. म्हणजे चिलांबाचे मासे न्दोम्बोवर नांदत होते, मागच्या बाजूला, खोलात, पोराबाळांसकट.

आणि वाळू न ओलांडणारा मासा तासाभराच्या वाटेवरून इथं कसा आला?

हे मात्र तिला विचार करून शोधावं लागलं नाही. धाकटी टियामिके पोटात होती तेव्हाची गोष्ट. चिलांबाचा एक मोठा माल परदेशाहून ऐनवेळी रद्द झाला. मालकानं निरोप धाडला, हौद हवेत, आहेत ते मासे फेकून द्या. बाकीचे तिनं उन्हात टाकले. शेवटच्या घमेल्यातल्या माद्यांचे गळे मात्र फुगलेले होते. म्बुनाची मादी पिल्लं तोंडात सांभाळते, तेवढे दिवस स्वतः घासही गिळत नाही. एनेलेसीला तेव्हा नववा लागला होता, अन्न जात नव्हतं. तिनं इकडे तिकडे बघितलं आणि घमेलं हौदामागच्या खडकावर नेऊन पाण्यात पालथं केलं. घरी आली आणि विसरली. पण खरंच विसरली होती का? गेले सगळे दिवस ती त्याच खडकाला पाठ करून बसत होती.

तर आता असं झालं होतं. ती गप्प बसली तर लायटन चटई उचलून जाणार. ग्वाझा मामांना कोवळा मासा काही सांगणार नव्हता, काझेम्बे मामांना नीटसं दिसत नव्हतं, बाकीच्यांनी पांढरा काठ आधीच बघितला होता. आणि बोलली तर? बोलली तर न्दोम्बोचा निळा कुठल्या काठाचा हे यापुढे कोणी छातीठोक सांगू शकणार नाही, ते तिच्यामुळे, आणि मालक काय म्हणेल ते म्हणेल. पण खरं दुखणं तेही नव्हतं. आजवर लायटन कुठल्या पाण्यात उतरला ते तिला घरी बसून कळायचं. पिंप उघडलं की कळायचं. खरं बोलल्यावर पिंपातला एकही मासा तिला पुन्हा काही सांगणार नव्हता.

तिनं लायटनकडे बघितलं. तो घाबरला होता, त्यामुळे त्याचा रंग कळत नव्हता. दातांतली फट बंद होती.

"मामा," ती म्हणाली, "हा मासा इथलाच आहे. त्याची आजी चिलांबाची. ती मी आणून सोडली."

आणि सगळं सांगितलं, घमेल्यापासून.

लायटनला अर्थ लागायला वेळ लागला. आधी बोलली ती एस्नार्ट, मेहुणी म्हणून तिला अलामूच्या, म्हणजे भावोजींच्या, थट्टेचा हक्क, आणि हक्क ती कधी वाया घालवत नसे.

"म्हणजे अलामू," ती लायटनला म्हणाली, "आजपासून तुम्ही चिलांबाला जा, नाहीतर आणखी कुठं जा. मासा चुगली करणार नाही."

हसता हसता एक म्हातारी चटईवर आडवी झाली. लायटनही हसला, आधी चुकून, मग मनापासून, फट पार उघडी टाकून. एनेलेसीला तो गेल्या सगळ्या दिवसांपेक्षा त्या क्षणी जास्त झोंबला.

ती म्हणाली, "हसा. पण केळ्याचं राहिलंय. मासे माझे, कबूल. केळं कोणाचं?"

लायटनचं हसू थांबलं. तो पुन्हा तसाच बघू लागला, त्या दिवशी दाराकडे बघितलं होतं तसा. पण इथं आंब्याखाली दार नव्हतं. तो बघत होता ती काझेम्बे मामांची खुर्ची होती.

मामांनी आधी रुमाल काढला. मग टोपी काढली. शेवटी म्हणाले, हवापालटासाठी आपण अधूनमधून चिलांबाला जातो. छातीला बरं वाटतं. येताना एखादं मंडासी खिशात राहतं. त्या सकाळी लायटन उपाशी दिसला म्हणून अर्धं त्याला दिलं आणि कोणाला सांगू नकोस म्हणालो. बायकोच्या मामानं सांगितल्यावर जावई तोंड उघडतो का? पोरगा सभ्य आहे, असंही ते शेवटी म्हणाले, जणू याच निकालासाठी ते सकाळपासून बसले होते.

"मग मामा, चटई जात होती तोवर तुम्ही काय करत होता?" एनेलेसीनं विचारलं.

"मी न्याय करत होतो," मामा म्हणाले.

ग्वाझा मामांनी निकाल दिला. दोष बायकोकडचा, त्यातला अर्धा बायकोच्या मामाकडचा, तेव्हा दोन कोंबड्या. एक एनेलेसीनं दिली, एक काझेम्बे मामांनी, आणि दोन्ही तिथंच शिजवून सगळ्यांनी खाल्ल्या. लायटनची चटई एनेलेसीनं स्वतः आत नेऊन अंथरली. अंथरताना इतकी झटकली की शेजारच्या कोंबड्या उडाल्या.

न्दोम्बोच्या मागच्या बाजूचे मासे मालकानं विकायचे बंद केले. शहरातून येऊन ओरडला, पण एनेलेसीला काढलं नाही, कारण मागची बाजू कुठं संपते आणि पुढची कुठं सुरू होते हे सांगायलाही तीच हवी होती. काझेम्बे मामांची छाती अजून नाजूक आहे. ते चिलांबाला जातात, हल्ली पावसातसुद्धा, आणि मेलिफा एनेलेसीची मामी होणार की कसं, हे एस्नार्टनं तिला विचारायचं सोडलेलं नाही.

फक्त होडीत आता तिघं असतात. नळ्यांत हवा भरणाऱ्या यंत्राजवळ पूर्वी दोघांतला एक आळीपाळीनं बसायचा, आता एनेलेसी बसते. निवडायचं काम ती संध्याकाळी करते. लायटन आणि वाडसन नळ्या तोंडात धरून खाली जातात आणि ती एक हात यंत्रावर ठेवून पाण्याकडे बघत राहते. नवऱ्याचा श्वास बायकोच्या हातात, असं लोक म्हणतात, आणि लायटनला ते ऐकून आवडतं की नाही हे त्याच्या फटीवरून कळत नाही.

एकदा एस्नार्ट त्या होडीत बसून गेली. खाली दोघं होते, वर बुडबुड्यांच्या दोन माळा येत होत्या, अगदी सारख्या. तिनं विचारलं, "ताई, इथून तुला काय कळतं गं? पाणी ते पाणी."

एनेलेसीनं नजर हलवली नाही. म्हणाली, डावीकडचे वाडसनचे, मोठे आणि सावकाश. उजवीकडचे यांचे, बारीक, तीन तीन, मध्ये एक थांबा.

मग ती थोडी पुढे वाकली, कारण उजवीकडची माळ हळूहळू चिलांबाच्या दिशेनं सरकायला लागली होती. हात यंत्रावरच होता. माळ थोडी गेली, एका खडकावर थांबली, आणि परत आली.

"बघितलंस?" एनेलेसी म्हणाली आणि पुन्हा नीट बसली.